कचरा कोणाच्या दारीं?

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां कांहीं महिने अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं आमच्या धाकट्या चिरंजीवांकडे राहून आलों. परदेशगमनाचें वर्णन करून वाचकांस शिणविण्याचा आमचा हेतु नाहीं. सांगावयाचा आहे तो एक लहानसा प्रसंग. तेथें ठराविक वारीं सकाळीं कचऱ्याची गाडी येते. घरोघरचे चाकांचे डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलेले असतात. गाडीचा लोखंडी हात बाहेर येतो, डबा उचलून गाडींत उपडा करतो आणि पुन्हां जागच्या जागीं ठेवतो. आमच्या सात वर्षांच्या नातीला हा सोहळा फार प्रिय. एके दिवशीं खिडकीशीं उभी असतांना तिनें विचारलें, “आजोबा, ती गाडी मग कोठें जाते?”

“गांवाबाहेर,” असें म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

“गांवाबाहेर म्हणजे कोणाच्या घराजवळ?”

चौतीस वर्षें आम्ही शाळेंत मुलांस संस्कृत शिकविलें. परंतु या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. चिरंजीवांनीं दुसऱ्या दिवशीं आम्हांस तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत नेलें. तेथें जें वाचावयास मिळालें त्यावरून समजलें कीं, आमच्या नातीचा हा प्रश्न त्याच शहरांत १९७९ सालीं न्यायालयापुढें आला होता, आणि त्याच्या मागें लागून कित्येक माणसांनीं आपलें आयुष्य वेंचलें आहे. त्यांच्या कार्यास तिकडे ‘पर्यावरण-न्याय’ असें नांव आहे. त्याची हकीकत आमच्या वाचकांस, विशेषतः वाचकभगिनींस, सांगण्यासारखी वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

ह्यूस्टनच्या ईशान्य भागांत नॉर्थवुड मॅनर म्हणून एक उपनगर आहे. त्या वेळीं तेथील बहुतेक रहिवासी कृष्णवर्णीय होते. परंतु ते दरिद्री नव्हते. नोकरीचाकरी करणारीं हीं मध्यमवर्गीय कुटुंबें स्वतःच्या घरांत राहत होतीं. या घरांच्या शेजारींच एका खाजगी कंपनीनें मोठा कचरा डेपो उघडण्याचें ठरविलें. जागेपासून अर्ध्या मैलाच्या आंत मुलांची शाळा होती, आणि ह्यूस्टनच्या उकाड्यांत त्या शाळेस वातानुकूलनाची सोय नव्हती. म्हणजे खिडक्या उघड्या ठेवण्यावांचून गत्यंतर नव्हतें. रहिवाशांनीं दावा लावला. त्यांचें वकीलपत्र लिंडा मक्कीव्हर बुलर्ड या बाईंनीं घेतलें. त्यांचे यजमान रॉबर्ट बुलर्ड हे तेथील एका विद्यापीठांत समाजशास्त्राचे तरुण अध्यापक होते. शहराचा कचरा आजवर कोठें कोठें टाकला गेला, याचा पुरावा जमविण्याचें काम बाईंनीं यजमानांवर सोंपविलें.

बुलर्ड यांनीं आपले विद्यार्थी हाताशीं घेतले. जुनीं सरकारी दप्तरें चाळून आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्यांनीं एकेक डेपो व एकेक भट्टी नकाशावर मांडली. त्या काळीं शहराच्या लोकवस्तींत कृष्णवर्णीयांचें प्रमाण सुमारें चतुर्थांश होतें. परंतु शहराच्या मालकीचे पांच डेपो होते, ते पांचही त्यांच्या वस्त्यांत निघाले. कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकीं सहा, आणि खाजगी मालकीच्या चार डेपोंपैकीं तीन त्यांच्याच वस्त्यांत होते.

आमच्या शास्त्रकारांनीं ‘काकतालीय न्याय’ सांगितला आहे. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. एखादा डेपो एखाद्या वस्तींत गेला, तर तो काकतालीय योग म्हणतां येईल. परंतु पांचांपैकीं पांच वेळां कावळा बसतांच फळ पडलें, तर शहाण्या माणसानें झाडाकडे नीट पाहिलें पाहिजे. कोणी म्हणेल कीं, कचरा स्वस्त जमिनीकडे जातो आणि गरीबहि स्वस्त जमिनीकडे जातो. यांत वर्णाचा संबंध काय? आक्षेप रास्त आहे. परंतु नॉर्थवुड मॅनरचीं माणसें गरीब नव्हतीं, आणि त्यांचीं घरें आधीं होतीं, डेपो मागाहून आला. म्हणजे केवळ दारिद्र्य हें कारण येथें पुरें पडत नाहीं.

दावा मात्र फसला. १९७९ च्या अखेरीस न्यायालयानें मनाईहुकूम नाकारला आणि १९८५ सालीं अंतिम निकालहि विरुद्ध गेला. पहिला निर्णय देणाऱ्या न्यायाधीश बाई स्वतः कृष्णवर्णीय होत्या. शाळेजवळ डेपोची परवानगी देणें त्यांनाहि पसंत नव्हतें. परंतु कायद्यास परिणाम पुरत नव्हता, हेतु सिद्ध व्हावा लागत होता. तरी श्रम अगदींच वायां गेले नाहींत. लोकमताच्या रेट्यामुळें १९८० सालीं नगरसभेनें आपल्या गाड्यांस त्या डेपोंत कचरा टाकण्याची बंदी केली, आणि पुढच्या वर्षीं शाळांसारख्या ठिकाणांजवळ नवे डेपो काढण्यावर निर्बंध घातले. बुलर्ड यांचें या विषयावरील पुस्तक १९९० सालीं प्रसिद्ध झालें. आज त्यांना या शास्त्राचे जनक म्हणतात.

ह्यूस्टनचा हा दावा चालू असतांनाच दूर पूर्वेस नॉर्थ कॅरोलिना प्रांतांत दुसरें प्रकरण पेटत होतें. १९७८ च्या उन्हाळ्यांत कांहीं लोकांनीं पी. सी. बी. नांवाच्या विषारी रसायनानें दूषित झालेलें सुमारें ३१ हजार गॅलन तेल रातोरात रस्त्यांच्या कडेला ओतून टाकलें. विल्हेवाटीचा खर्च वांचविणें एवढाच त्यांत मतलब होता. शेंकडों मैल रस्त्यांची माती बाटली. ती खरवडून कोठें तरी पुरणें भागच होतें. सरकारनें त्यासाठीं वॉरन परगण्यांतील ॲफ्टन हें खेडें निवडलें. परगणा गरीब, बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय. लोक विहिरींचें पाणी पिणारे, आणि भूमिगत पाणी अगदीं उथळ.

सप्टेंबर १९८२ मध्यें मातीच्या मालमोटारी येऊं लागल्या, तेव्हां बायाबापड्या, मुलें आणि धर्मोपदेशक रस्त्यावर आडवे झाले. शेजारचे कांहीं गोरे शेतकरीहि त्यांत होते. डॉली बरवेल या स्थानिक बाई पुढारीपणांत होत्या. सुमारें सहा आठवडे हा प्रकार चालला आणि पांचशांवर लोकांना अटक झाली. सत्याग्रह हा शब्द आपण त्या देशास दिला. तेथें त्याचा उपयोग मिठासाठीं नव्हे, मातीसाठीं झाला. माती शेवटीं तेथेंच पुरली गेली. मात्र योग्य साधन उपलब्ध होतांच ती जागा निर्विष करूं, असें वचन प्रांताच्या राज्यपालांनीं दिलें होतें. लोकांनीं त्या वचनाचा पिच्छा सोडला नाहीं. एकवीस वर्षांनीं, २००३ च्या अखेरीस, तें काम पुरें झालें.

तिसरी हकीकत शिकागो शहरांतील. त्याच्या दक्षिण टोंकाला आल्टगेल्ड गार्डन्स नांवाची सरकारी चाळवजा वसाहत आहे. १९४५ सालीं ती मुख्यतः युद्धावरून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठीं बांधली गेली. भोंवतीं कारखाने, कचऱ्याचे ढीग आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे हौद. तेथें हेझल जॉन्सन म्हणून एक बाई राहत. पदरीं सात मुलें. यजमान १९६९ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानें वारले. पुढें आपल्या भागांत या रोगाचें प्रमाण फार असल्याचें त्यांच्या कानावर आलें, तेव्हां त्यांनीं विद्यापीठाची पदवी किंवा सरकारी अधिकार यांपैकीं कांहीं जवळ नसतां दारोदार जाऊन विचारपूस सुरू केली. कोणाला खोकला, कोणाच्या डोळ्यांची आग, कोणाच्या अंगावर चट्टे, हें त्या टिपून घेऊं लागल्या. १९७९ सालीं त्यांनीं शेजाऱ्यांची एक संस्था उभी केली. चहूंकडून विषानें वेढलेल्या आपल्या वसाहतीला त्या मधें भोंक असलेल्या गोड वड्याची उपमा देत: कडेनें विष आणि मधल्या भोंकांत आम्ही. घरांतून अस्बेस्टॉस काढविणें, जवळच्या विहिरींवर अवलंबून असलेल्या घरांस शहराचें पाणी मिळवून देणें, अशीं कामें त्यांनीं चिकाटीनें केलीं. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले बराक ओबामा तरुणपणीं याच वसाहतींत लोकसंघटनेचें काम करीत होते. हेझलबाई २०११ सालीं निवर्तल्या; लोक त्यांना या चळवळीची माता म्हणतात.

वॉरनच्या अटकांचा एक परिणाम असा झाला कीं, सारें राष्ट्र मोजूं लागलें. १९८३ सालीं सरकारी तपासनिसांनीं आग्नेयेकडील आठ प्रांत पाहिले; विषारी कचऱ्याचे चार मोठे डेपो होते, त्यांतील तीन बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्त्यांत होते. १९८७ सालीं एका ख्रिस्ती धर्मसंस्थेनें टपालाच्या विभागांप्रमाणें सबंध देश मोजला, आणि अशा जागांचा संबंध उत्पन्नापेक्षां वर्णाशींच अधिक दिसतो, असा निष्कर्ष काढला. १९९१ सालीं वॉशिंग्टनला परिषद भरून या कार्याचीं सतरा तत्त्वें ठरलीं. ११ फेब्रुवारी १९९४ रोजीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं आज्ञा काढली कीं, प्रत्येक सरकारी खात्यानें आपल्या कामाचा गरिबांवर व अल्पसंख्यांवर अधिक भार पडतो कीं काय हें पाहावें. त्या प्रसंगीं हेझलबाई हजर होत्या. ती आज्ञा एकतीस वर्षांनीं, २१ जानेवारी २०२५ रोजीं, राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनीं रद्द केली. आज्ञा काढतां येते तशी रद्दहि करतां येते. नकाशावर मांडलेली मोजदाद मात्र रद्द होत नाहीं, आणि म्हणूनच आम्हांस त्या दप्तरें चाळणाऱ्या विद्यार्थ्यांचें व दारोदार फिरणाऱ्या विधवेचें काम मोलाचें वाटतें.

कोणी म्हणेल, कचरा कोठें तरी जाणारच; प्रत्येकानें नकार दिला तर शहरें चालावयाचीं कशीं? हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु ज्याच्या दारीं तो जावयाचा, त्याला आधीं विचारलें होतें काय, आणि दर वेळीं तेंच दार कां सांपडतें, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात.

आतां आमच्या स्वतःच्या उत्तराकडे वळूं. नातीला आम्ही सहज “गांवाबाहेर” म्हणालों. हा शब्द आमच्या जिभेवर इतका तयार कसा होता? आमच्या लहानपणच्या खेड्यांत मेलेलें जनावर ओढून नेणारे लोक गांवकुसाबाहेरच राहत होते. घाण जेथें जावयाची तेथेंच तीं माणसें, अशी व्यवस्था आमच्या वाडवडिलांनीं चालविली, आणि तींत कोणाला कांहीं वावगें वाटलें नाहीं. दुसऱ्या देशाच्या वर्णभेदाला नांवें ठेवतांना हें विसरणें अप्रामाणिकपणाचें होईल.

स्वदेशीं परतल्यावर एके सकाळीं आम्ही मुद्दाम दारांत थांबलों. आमच्याकडे रोज कचरा न्यावयास एक बाई येतात. घरांतील सारीं त्यांना मावशी म्हणतात. सूनबाई ओला व सुका कचरा वेगळा करून त्यांच्या हातीं देतात. आम्ही विचारलें, “मावशी, हा कचरा पुढें कोठें जातो?”

“डेपोत, गुरुजी.”

“डेपो कोणत्या बाजूला?”

“माझ्या धाकट्या बहिणीचं सासर हाय ना, तिथंच. पावसाळ्यात दार उघडं ठेवून जेवता येत नाय त्यास्नी.”

“तुमच्या बहिणीच्या गांवाला आधीं कोणी विचारलें होतें का?”

मावशी हंसल्या आणि बादल्या घेऊन पुढच्या घराकडे गेल्या. अकरा वर्षें त्या आमच्या दारीं येत आहेत. त्यांचें नांव आम्हीं दुसऱ्या दिवशीं विचारून घेतलें.

परसांत आम्ही आतां एक खड्डा केला आहे. भाजीचीं देंठें, सालपटें आणि निर्माल्य त्यांत जातें; ओल्या कचऱ्याची बादली जवळजवळ बंद झाली आहे. एका घराच्या खड्ड्यानें डेपो हलत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून आळींतील चार वडीलधाऱ्यांस घेऊन आम्ही पुढील महिन्यांत तो डेपो आणि तें गांव पाहण्यास जाणार आहों, आणि तेथील लोकांचें म्हणणें लिहून घेऊन नगरपालिकेकडे देणार आहों. नातीलाहि उत्तर कळविलें आहे. उन्हाळ्याच्या सुटींत ती इकडे येणार आहे, आणि तिला मावशींच्या बहिणीचें घर पाहावयाचें आहे.