महाविषाणूंचे पत्ते
मिमीव्हायरस बॉम्बे, पवई लेक मेगाव्हायरस, कुर्लाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस. मुंबईच्या पाण्यात सापडलेल्या महाविषाणूंची, म्हणजे जिवाणूएवढ्या मोठ्या विषाणूंची, ही नावे आता जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांत छापली गेली आहेत. पवईच्या आयआयटीत जीवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात किरण कोंडाबागील यांच्या प्रयोगशाळेने हे काम केले. 2016 मध्ये त्यांनी सांडपाण्यातून मिळालेल्या मिमीव्हायरस बॉम्बेचा पूर्ण जनुकसंच वाचून दाखवला. 2019 मध्ये अनिर्वाण चटर्जी आणि सहकाऱ्यांनी सांडपाणी, तलाव, मलनिस्सारण केंद्र आणि पालिकेचा पाणीपुरवठा असे नमुने तपासले. महाविषाणूंच्या खुणा सगळीकडे होत्या.

विषाणू म्हणजे अतिसूक्ष्म, गाळणीतूनही निसटणारा, ही समजूत रुजली त्याला कारण होते. 1884 मध्ये चार्ल्स शांबरलां यांनी जिवाणू अडवणारी चिनीमातीची गाळणी केली आणि 1892 मध्ये दिमित्री इवानोव्स्की यांना तंबाखूचा रोग त्या गाळणीपलीकडेही टिकतो असे दिसले. तेव्हापासून गाळून खाली येईल तोच विषाणू, असे धरले गेले. वर गाळात कोण अडकले आहे, हे शंभर वर्षे फारसे कोणी पाहिलेच नाही.

ती चूक उघडी पडायलाही वेळ लागला. 1992 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात न्यूमोनियाची साथ आली. तिचा माग काढताना टिमथी रोबोथम यांना शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातल्या अमीबात एक गोलसर कण दिसला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत होता, जिवाणू ओळखण्याचा ग्रॅम रंगही घेत होता. साहजिकच तो जिवाणू ठरला आणि ‘ब्रॅडफर्डकॉकस’ या नावाने शीतपेटीत पडून राहिला. 2003 मध्ये मार्सेयच्या संशोधकांनी तो विषाणू असल्याचे जाहीर केले, आणि जिवाणूची नक्कल करणारा म्हणून त्याला मिमीव्हायरस म्हटले.

पुढच्या वर्षी त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा आकडे धक्कादायक निघाले. करोनाचा जनुकसंच सुमारे 30 हजार अक्षरांचा. मिमीव्हायरसचा जवळपास 12 लाखांचा. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जिवाणूचे काम 5 लाख 80 हजार अक्षरांत भागते!

अकँथामीबा हा या विषाणूचा यजमान. तो माती, तळी, नळ अशा सगळीकडे असतो आणि जिवाणू गिळून जगतो. जिवाणूएवढा कण समोर आला की तोही गिळतो आणि तिथेच फसतो. आत गेल्यावर विषाणूच्या कवचावरची पाच भुजांची चांदणी उघडते, डीएनए बाहेर पडतो आणि पेशीरसात विषाणूंचा कारखाना उभा राहतो. काही तासांत अमीबा फुटून शेकडो नवे कण बाहेर येतात. या कारखान्यालाही लुटणारा कोणी आहे, हे 2008 मध्ये कळले. स्पुटनिक हा चिमुकला विषाणू महाविषाणूच्याच यंत्रणेवर वाढतो आणि त्याचे उत्पादन बिघडवतो.

मग शोधांची रांगच लागली. 2013 मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर आणि मेलबर्नजवळच्या तळ्यात पँडोराव्हायरस मिळाले. त्यांतल्या मोठ्याचा जनुकसंच सुमारे 25 लाख अक्षरांचा, आणि त्यातली बहुतेक जनुके आधी कुठेच न पाहिलेली. 2014 मध्ये सायबेरियाच्या 30 हजार वर्षे जुन्या गोठलेल्या मातीतून पिथोव्हायरस निघाला, आणि अमीबाला संसर्ग करण्याची त्याची ताकद शाबूत होती. 2018 मध्ये ब्राझीलच्या अल्कधर्मी सरोवरात आणि खोल समुद्रात शेपटीवाले तुपानव्हायरस सापडले. प्रथिने बांधण्याची बरीचशी सामग्री त्यांच्याजवळ आहे, फक्त रायबोसोम नाही.

एवढी सामग्री विषाणूजवळ आली कशी? या प्रश्नावरचा वाद अजून गरम आहे. एका बाजूचे म्हणणे असे की हे एकेकाळच्या पेशीचे आक्रसलेले वंशज आहेत. काहींनी तर जिवाणू, आर्किया आणि सुकेंद्रकी यांच्या जोडीला सजीवांचे चौथे साम्राज्यच कल्पिले. दुसरी बाजू सांगते की मुळात लहान असलेल्या विषाणूंनी यजमानांची जनुके उचलत उचलत घर भरले. ऑस्ट्रियातल्या क्लोस्टरनॉयबुर्गच्या सांडपाण्यातून 2017 मध्ये उलगडलेल्या क्लोसन्यूव्हायरसने या मताला मोठे बळ दिले, कारण त्यातली प्रथिनबांधणीची जनुके वेगवेगळ्या यजमानांकडून निरनिराळ्या वेळी आलेली दिसली. पण पवईच्याच सुप्रिया पाटील आणि कोंडाबागील यांनी 2021 मध्ये मिमीव्हायरसच्या डीएनए-नकलेच्या यंत्रणेचा अभ्यास करून पेशीमूलक उगमाकडे बोट दाखवले. चौथ्या साम्राज्याची कल्पना मागे पडली हे योग्यच झाले. मात्र जनुके उचलली जातात म्हणून गाभाही उचललेलाच, असा निष्कर्ष घाईचा आहे, आणि मराठी मुलखातले हे काम त्या घाईला रोखते. 2020 मध्ये तर हिरव्या शैवालांच्या जनुकसंचात महाविषाणूंचे लांबच लांब तुकडे कायमचे वस्तीला आलेले दिसले. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते.

ब्राझीलचे ते सरोवर वाचताना जालन्याच्या वाचकाला लोणार आठवेल. मंठ्याच्या पुढे, बुलढाणा जिल्ह्यातले हे बेसॉल्टमधल्या उल्काविवरातले सरोवर खारे आणि अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने मीठप्रिय आर्कियांना त्याचे कारण ठरवले. तुपानव्हायरसच्या भावंडांसाठी महाराष्ट्रात याहून योग्य जागा सुचणे कठीण. पण तेवढे लांब जायलाही नको. जालन्याचा निजामकाळातला घाणेवाडी तलाव, शहरातला मोती तलाव, कुंडलिका नदीतले सांडपाणी हे सगळे अकँथामीबाच्या राहण्याजोगे आहे.

जालना हे बियाण्यांचे गाव. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, आणि जनुकांची भाषा या शहराला परकी राहिली नाही. महाविषाणू शोधण्याची पहिली पायरीही फार खर्चिक नाही. पाणी गोळा करायचे, प्रतिजैविके आणि बुरशीनाशके घालून जिवाणू-बुरशी आवरायच्या, ते अमीबाच्या संवर्धनात मिसळायचे आणि अमीबा फुटतात का ते रोज पाहायचे. प्रशिक्षित मार्गदर्शक, स्वच्छ प्रयोगशाळा आणि चांगला सूक्ष्मदर्शक एवढे असले की महाविद्यालयातही याची सुरुवात करता येईल. जनुकसंच वाचण्यासाठी नमुना पुढे मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो.