गाळणे, उकळणे आणि प्रकाश

पाणी गाळून पिणे हा श्रावकाच्या घरातील पहिला आचार होय. दुहेरी वस्त्रातून पाणी गाळावे आणि वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजेच जिवाणी, जेथून पाणी आणले तेथेच जपून सोडावी, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकविले. आता स्वयंपाकघरात अतिनील दिव्याचे यंत्र आले आहे आणि नवी पिढी विचारते, ‘मग गाळण्याची वा उकळण्याची गरज काय?’ प्रश्न टाळण्यासारखा नाही. अमेरिकेतील दोन शहरांचा अनुभव याबाबत पुष्कळ काही शिकवून जातो.

१९९३ साली मिल्वॉकी शहरात सुमारे चार लाख लोक अतिसाराने आजारी पडले. नळाचे पाणी गाळलेले होते, त्यात क्लोरीनही होते. तरीही ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ नावाचा परजीवी त्यातून घरोघरी पोहोचला. त्याचा आकार मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा. त्याचे कवच इतके कठीण की पिण्याच्या पाण्यातील क्लोरीन त्याला बाधत नाही. अखेर प्रशासनाने नागरिकांना पाणी उकळून पिण्यास सांगितले. आपल्या तपस्वींचा नित्याचा नियम तेथे संपूर्ण शहराचा आधार ठरला.

परंतु महानगराचे सारे पाणी उकळणे शक्य नसते. अतिनील किरण अल्प मात्रेतही या परजीवीला निष्प्रभ करतात, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांनी सिद्ध झाले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कने शहराच्या उत्तरेस असे प्रचंड केंद्र सुरू केले. तेथे ५६ संच असून दररोज दोन अब्ज गॅलनहून अधिक, म्हणजे सुमारे ७५० कोटी लिटर, पाणी हाताळण्याची त्यांची क्षमता आहे. या शहरात हिऱ्यांचा व्यापार करणारी आपली जैन कुटुंबेही हेच पाणी पितात.

या संचांत क्वार्ट्झच्या नळ्यांमध्ये पाऱ्याच्या वाफेचे दिवे असतात. त्यांच्या जवळून पाणी काही क्षणांत वाहत जाते. किरण सूक्ष्म जीवाच्या आनुवंशिक द्रव्यावर आघात करतात. त्यामुळे त्याची वाढ थांबते आणि तो रोग निर्माण करू शकत नाही. पाण्यात काहीही मिसळले जात नाही, चवही बदलत नाही.

तथापि या प्रकाशाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पाणी गढूळ असेल तर कणांच्या आड जीव लपतात. म्हणून पाणी आधी स्वच्छ हवे. प्रकाश क्षार वा विषारी द्रव्ये काढीत नाही. शिवाय दिव्याखालून पाणी पुढे गेले की त्याचे संरक्षण संपते. म्हणूनच न्यूयॉर्क आजही पाण्यात क्लोरीन घालते. गाळलेल्या पाण्याला एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची, मर्यादा घालणाऱ्या आपल्या परंपरेला ही सावधानता परकी वाटणार नाही.

न्यूयॉर्कने आणखी एक शहाणपण दाखविले. अनेक अब्ज डॉलरचा गाळण प्रकल्प उभारण्याऐवजी त्याने १९९७ च्या करारानुसार दूरच्या डोंगराळ पाणलोटातील जमिनी विकत घेतल्या आणि तेथील शेतकऱ्यांना प्रदूषण रोखण्यास साहाय्य केले. उगमाशीच दोष टाळणे हे व्यापारी बुद्धीलाही पटणारे आणि अहिंसेच्याही जवळचे.

आता मूळ प्रश्न. अतिनील प्रकाश रोगापासून रक्षण करतो. तो जीवदयेचा आचार नव्हे. किरणांनी जीवांची हानीच होते, हे मान्य केले पाहिजे. यंत्रातील पाण्याला ‘प्रासुक’ म्हणून उकळलेल्या पाण्याचा नियम मोडू नये; शंका असल्यास गुरुमहाराजांना विचारावे. त्याचप्रमाणे वस्त्राने गाळले म्हणजे रोगजंतू गेले, असेही मानू नये. इतके सूक्ष्म जीव वस्त्रातून सहज निसटतात.

उन्हाळ्यात आपण दुकानापुढे पाणपोई घालतो. यंत्र बसविले की दान पूर्ण झाले, असे नाही. दिवा पेटलेला दिसला तरी कालांतराने त्याचे तेज क्षीण होते. तो वेळेवर बदलावा. टाकी धुवावी, झाकण ठेवावे, पेला स्वच्छ असावा. तहानलेल्या अनोळखी माणसाच्या ओंजळीत जाणारे पाणी आपल्या घरातील बाळाला देण्याइतके निर्धोक असेल, तरच ते खरे जलदान.