जादा कापूस टॉनिकनं आला की जमिनीनं?



कपाशीला पाते लागले की गावात नव्या टॉनिकची बाटली येते. "अमक्याच्या वावरात एकरी दोन क्विंटल जादा निघाला," असं सांगणारा भेटतो. तो खोटंच बोलतो असं नाही. पण ते वावर भारी असेल, पाण्याची एक पाळी जादा मिळाली असेल. आपल्याकडं गोदाकाठी पैठण-गंगापूरला काळी भारी जमीन, तर कन्नड-खुलताबादच्या डोंगरकडेला हलकी, मुरमाड. एकाच वावराचं वरचं अन् खालचं टोकही सारखं पिकत नाही. मग ओळखायचं कसं?

संशोधन केंद्रांवर यासाठी एक रीत वापरतात. आधी असं धरून चालायचं, की 'टॉनिकनं काहीच फरक पडत नाही'. याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग विचारायचं: हे खरं असतं, तर आपल्याला दिसला तसा निकाल नुसत्या योगायोगानं किती वेळा आला असता? फार क्वचित येत असेल, तरच ते धरलेलं सोडायचं. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले अन् तिथं त्यांनी शेतीच्या प्रयोगांचं हे शास्त्र बसवलं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी शेती संशोधकांसाठी याच विषयावर ग्रंथ लिहिला. तो १९५४ साली निघाला.

घरच्या वावरात असं करा:

१. एकाच वाणाच्या, एकाच दिवशी लावलेल्या कपाशीत सहा ठिकाणी दोन-दोन सारख्या पट्ट्या आखा. दोन्हींच्या मध्ये दोन ओळी मोकळ्या सोडा, म्हणजे फवारा पलीकडं जाणार नाही.

२. कोणत्या पट्टीवर टॉनिक मारायचं, ते रुपया उडवून ठरवा. चांगली पट्टी आपणच निवडली, तर निकाल बिघडला. दुसरीवर तेवढंच साधं पाणी फवारा.

३. खत, पाणी, खुरपणी सारखी ठेवा. दर वेचणीचा कापूस वेगवेगळा तोला अन् वहीत मांडा.

आता हिशेब. टॉनिकमध्ये दम नसेल, तर प्रत्येक जोडीत ते जिंकणं म्हणजे नाणेफेकच. सहाही जोड्या जिंकण्याचा योग ६४ मध्ये १, म्हणजे शंभरात दोनाहून कमी. संशोधक साधारणपणे शंभरात ५ ही मर्यादा धरतात. तेव्हा सहापैकी सहा आल्या, तर फरक खरा माना. पाचच आल्या तर? पाच किंवा सहा येण्याचा योग ६४ मध्ये ७, म्हणजे शंभरात जवळपास ११. एवढ्यावर पैसा टाकू नका. पण टॉनिक खोटं आहे असंही म्हणू नका. पुरावा कमी पडला, इतकंच. पुढच्या हंगामात दहा जोड्या घ्या. तिथं नऊ जिंकल्या तरी पुरे.

मात्र किती जोड्या घ्यायच्या अन् किती जिंकल्या तर मानायचं, हे आधीच वहीत लिहा. वेचणीनंतर नियम बदलायचा नाही.

शेवटची गोष्ट. फरक खरा निघाला, तरी जादा कापसाचे पैसे बाटली अन् फवारणीच्या मजुरीपेक्षा जास्त आहेत का, तेही बघा. तरच सगळ्या वावरावर फवारा.