हँडिकॅप : गोल्फच्या मैदानावरील पत

रविवारची सकाळ. पहिल्या टीवर चौघे उभे असतात. त्यांतला एखादा ओळखीचा, एखादा व्यवसायातला, तर एखादा प्रथमच भेटलेला. नमस्कार होतात, हवापाण्याच्या गप्पा होतात आणि मग प्रश्न येतो : "आपला हँडिकॅप किती?" उत्तर एका आकड्याचे असते, पण त्या आकड्यावर पुढचे चार तास अवलंबून असतात. कोणी कोणाला किती फटके द्यायचे आणि कोणत्या होलवर द्यायचे, हे त्यावरून ठरते. अलीकडे आपल्या काही घरांतही गोल्फचा छंद शिरला आहे. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या मैदानावर सकाळी फेरी मारून मग पेढीवर जाणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. त्यांतील पुष्कळांना हा आकडा सांगता येतो; त्याचा अर्थ समजावून सांगणे मात्र थोड्यांनाच जमते. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे त्या न जमणाऱ्यांत होता, आणि त्याची किंमत त्याने आपल्या व्याह्यांसमोर मोजली. ती हकीकत पुढे येईल. तत्पूर्वी मूळ गोष्ट पाहू.

शब्दाचा जन्म सौद्यात

हा शब्द खेळाच्या मैदानावर जन्मला नाही. त्याचा जन्म देवघेवीत झाला. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघे आपापली वस्तू पुढे करीत. तिसरा पंच असे. एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूपेक्षा किती मोलाची आहे आणि वर किती रक्कम द्यावी, हे पंच सांगे. तिघांनीही टोपीत थोडे पैसे टाकलेले असत. पंचाने फरक सांगितला की दोघेही टोपीत हात घालीत आणि एकदमच बाहेर काढीत. हात ज्या रीतीने बाहेर येई, त्यावरून सौदा मान्य की अमान्य हे कळे. दोघांचे मत जुळले तर टोपीतले पैसे पंचाला मिळत. न जुळले तर सौद्यास राजी असलेल्याला. फरक दोघांनाही पटेल असा सांगण्यातच पंचाचा लाभ असे. 'टोपीत हात' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून खेळाचे नाव पडले. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १६६० साली या खेळाची नोंद केली आहे.

पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन ठेवायचे, म्हणजे शर्यत चुरशीची होते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यती याच तत्त्वावर चालतात. शर्यतीतून तो एकोणिसाव्या शतकात गोल्फमध्ये आला. या सगळ्या प्रवासात गाभा एकच राहिला : दोन असमान पक्षांतील अंतर तटस्थपणे मोजावे, ते उघड सांगावे आणि मग बरोबरीने व्यवहार करावा. आपल्यासारख्यांना यात परके वाटण्याजोगे काही नाही.

सरासरी नव्हे, सिद्ध झालेली क्षमता

पूर्वी जगात सहा वेगवेगळ्या हँडिकॅप पद्धती होत्या. ब्रिटनमधील आर अँड ए आणि अमेरिकेची गोल्फ संघटना यांनी त्या एकत्र करून २०२० मध्ये जागतिक हँडिकॅप पद्धती सुरू केली. आज भारतातील क्लबांतही हीच पद्धत चालते. तिच्यात मूळ आकडा असतो तो हँडिकॅप इंडेक्स. हा एका दशांश स्थळापर्यंत लिहितात, उदाहरणार्थ १६.०. नवख्याला तो जास्तीत जास्त ५४.० मिळू शकतो. ज्याचा आकडा शून्य आहे तो स्क्रॅच खेळाडू. त्याहूनही सरस असलेल्यांच्या आकड्यामागे अधिकचे चिन्ह असते आणि त्यांनी मैदानालाच फटके परत द्यायचे असतात.

इंडेक्स काढताना शेवटच्या २० फेऱ्या विचारात घेतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी काढतात. उरलेल्या १२ फेऱ्या वहीत राहतात, पण आकड्यात धरल्या जात नाहीत. सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. पुष्कळ जण इंडेक्सला आपल्या रोजच्या खेळाची सरासरी समजतात. तो आपल्या चांगल्या दिवसाचा आकडा असतो. म्हणून ज्याला हँडिकॅपइतका खेळ चार-पाच फेऱ्यांत एकदा साधतो, त्याचे काही चुकत नाही. पद्धतीला तेच अपेक्षित आहे. उलट जो दर रविवारी आपल्या हँडिकॅपपेक्षा सरस खेळतो, त्याची वही तपासावी लागते.

प्रत्येक फेरीचा हिशेबही मैदानाच्या अवघडपणानुसार होतो. दर मैदानाचे, आणि त्यातही दर टीचे, दोन आकडे ठरलेले असतात. स्क्रॅच खेळाडूला तेथे साधारण किती फटके लागतील, ते कोर्स रेटिंग सांगते. साधारण खेळाडूला ते मैदान स्क्रॅच खेळाडूच्या मानाने किती अधिक जड जाते, ते स्लोप रेटिंग सांगते. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो. ११३ हा प्रमाण आकडा. समजा, कोर्स रेटिंग ७२.४ आणि स्लोप १३० असलेल्या मैदानावर आपण ९२ फटके घेतले. ९२ मधून ७२.४ वजा केले की १९.६ राहतात. त्यास ११३ ने गुणून १३० ने भागले की १७.० येतात. वहीत या फेरीची नोंद १७.० अशी होते. त्या दिवशी हवेमुळे वा मैदानाच्या स्थितीमुळे सर्वांचाच खेळ बिघडला किंवा खुलला असेल, तर थोडी दुरुस्तीही होते.

एखाद्या होलवर चेंडू पाण्यात, मग बंकरमध्ये, मग झाडीत गेला आणि १० फटके लागले, तरी एका वाईट प्रसंगाने सारी वही बिघडू नये अशी सोय आहे. हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त पार अधिक २, अधिक त्या होलवर मिळणारे फटके, एवढेच मोजतात. पार ४ च्या होलवर आपल्याला १ फटका मिळत असेल, तर १० ऐवजी ७ लिहावेत.

एकच माणूस, दोन आकडे

आता व्याह्यांची हकीकत. माझा इंडेक्स त्या वेळी १६.० होता. आमच्या नेहमीच्या मैदानाचे कोर्स रेटिंग ७२.४, स्लोप १३० आणि पार ७२. तेथे खेळायचा हँडिकॅप असा निघतो : १६.० ला १३० ने गुणून ११३ ने भागायचे, म्हणजे १८.४. त्यात कोर्स रेटिंग व पार यांतील फरक ०.४ मिळवायचा. १८.८ होतात, म्हणजे १९. वर्षानुवर्षे तेथेच खेळल्याने १९ हा आकडा माझ्या तोंडी बसला होता.

व्याही, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, त्यांनी त्यांच्या गावाजवळच्या लहान मैदानावर खेळायला बोलावले. पैज फक्त नाश्त्याची. बरोबर आमचा दोघांचा नातू, वय वर्षे चौदा, फेरी पाहायला आला होता. पहिल्या टीवर आप्पांनी विचारले, "अण्णा, तुमचा हँडिकॅप?" मी म्हणालो, "एकोणीस." त्यांचा तेथला ९. फरक १०. होलांच्या अवघडपणाचा जो अनुक्रम कार्डावर छापलेला असतो, त्यातील पहिल्या १० होलांवर मला एकेक फटका मिळाला. दोन होल बाकी असतानाच मी तीन होलांनी सामना जिंकला. आप्पांनी मोकळ्या मनाने हात मिळवला.

क्लबहाउसच्या भिंतीवर त्या मैदानाचा तक्ता होता. नातू तो वाचत उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा इंडेक्स सोळा ना? मग इथे तुम्हाला तेरा." मी हिशेब केला. त्या मैदानाचे कोर्स रेटिंग ६८.६, स्लोप १०५, पार ७०. १६.० चे १४.९ झाले, त्यातून १.४ गेले, राहिले १३.५ च्या किंचित आत, म्हणजे १३. मला ४ फटके मिळायला हवे होते. मी १० घेतले. कार्ड पुन्हा पाहिले. जास्तीच्या त्या ६ होलांपैकी ४ होलांचा निकाल फिरला असता. सामना तेथे संपलाच नसता. उलट मी एका होलने मागे असतो.

मी कोणाला फसवू इच्छित नव्हतो. पण माप चुकीचे निघाले तर दुकानदाराचा हेतू काय होता, याने गिऱ्हाइकाच्या पिशवीतला माल वाढत नाही. मी आप्पांना तसे सांगितले आणि नाश्त्याचे पैसे दिले. ते हसून म्हणाले, "अण्णा, हिशेब नातवाने धरला ते बरे झाले. पुढच्या वेळी इंडेक्स सांगा, बाकीचे तक्ता सांगेल." त्या वाक्यात साऱ्या विषयाचे सार आले आहे.

दुसऱ्याला कसे सांगावे

कोणी विचारले तर प्रथम इंडेक्स सांगावा. मग आज कोणत्या टीवरून खेळणार ते ठरवून त्या मैदानाच्या तक्त्यावर किंवा ॲपवर आजचा आकडा पाहावा. तो सर्वांसमोर पाहावा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. नंतर खेळाचा प्रकार पाहावा. दोघांच्या सामन्यात पूर्ण फरक दिला जातो. फटके मोजण्याच्या वैयक्तिक स्पर्धेत सर्वसाधारणपणे ९५ टक्के धरतात, म्हणजे १९ चे १८. जोडीने खेळून दोघांतला सरस गुण धरायचा असेल, तर सामन्यात ९० व फटक्यांच्या स्पर्धेत ८५ टक्के.

नवख्याला समजावताना सूत्रे सांगू नयेत, एक होल दाखवावा. "या होलवर तुम्हाला एक फटका आहे. तुम्ही पाचात आलात आणि मी चारात, तर आपण बरोबरीत." एवढे पुरते. ज्याचा इंडेक्स अजून निघालेला नाही, त्याला सांगावे की ५४ होलांची, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्यांची कार्डे दिली की पहिला आकडा मिळतो. तीन फेऱ्यांतील सर्वोत्तम नोंदीतून २ वजा करून तो काढतात.

दोन्हीकडचे खोटे माप

हा आकडा दोन तऱ्हांनी खोटा होतो. काही जण चांगली कार्डे दडवतात आणि वाईट तेवढी भरतात. आकडा फुगतो व स्पर्धेत बक्षीस हाती येते. काही जण उलट करतात. वाईट फेऱ्या विसरतात आणि चारचौघांत मोठेपणा मिरवण्यासाठी १२ सांगतात, खेळ मात्र १८ चा असतो. पहिला प्रतिस्पर्ध्याला लुटतो, दुसरा आपल्या जोडीदाराला बुडवतो. ग्राहकाला खूश करण्यासाठी मुद्दाम वाईट खेळून ते कार्ड भरणे हाही त्यातलाच प्रकार, कारण तो खोटा आकडा पुढच्या फेरीत तिसऱ्याच माणसासमोर जातो.

पद्धतीने काही पहारे ठेवले आहेत. वर्षभरातील आपल्या नीचतम इंडेक्सपेक्षा आकडा ३ ने वर गेला की पुढची वाढ निम्म्याने मंदावते आणि ५ च्या वर ती थांबतेच. इंडेक्सपेक्षा ७ वा अधिक फटक्यांनी सरस फेरी झाली तर १, आणि १० वा अधिकने झाली तर २ असा आकडा उतरवला जातो. क्लबची समितीही दुरुस्ती करू शकते. तरीही गोल्फमध्ये प्रत्येक फटक्यामागे पंच उभा नसतो. बरोबरचा खेळाडू कार्डावर सही करतो आणि त्या दोन सह्यांवर सारा व्यवहार चालतो. म्हणून फेरी संपली की त्याच दिवशी कार्ड भरावे, चांगले असो वा वाईट. रोजमेळ दुसऱ्या दिवसावर टाकणाऱ्याचे काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

या पद्धतीचे खरे देणे कुटुंबाला आहे. प्रत्येक टीचे रेटिंग वेगळे असते, आणि स्त्रिया व पुरुष यांच्यासाठीही ते वेगळे काढलेले असते. त्यामुळे सत्तरीतले आजोबा पुढच्या टीवरून, सून तिच्या टीवरून आणि नातू मागच्या टीवरून खेळले, तरी सामना बरोबरीचा होतो. एकाच अंगणात तीन पिढ्यांनी खऱ्या चुरशीने खेळावे असे खेळ फार नाहीत.

आमचा नातू आता स्वतः खेळतो. त्याचा इंडेक्स माझ्या खाली गेला आहे, आणि पहिल्या टीवर तोच मला विचारतो, "आजोबा, इंडेक्स किती, आणि आज इथे किती?" दोन्ही आकडे सांगितल्याशिवाय तो चेंडू ठेवू देत नाही.