पंचेचाळीस किलोमीटरवरचा उजेड आणि पाच किलोमीटरवरचा

गौतमपुरा म्हटलं की माळव्यात कुणालाही हिंगोट आठवतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, गौतमपुऱ्याचे तुर्रा आणि शेजारच्या रुणजीचे कलंगी समोरासमोर उभे राहतात आणि बारूद भरलेली हिंगोटाची पोकळ फळं पेटवून एकमेकांवर फेकतात. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं हे गाव वर्षातून एकदा बातम्यांत येतं ते त्या आगीमुळे. पण ती संध्याकाळ अमावस्येला लागून असते. पावसाने धुतलेलं आकाश, चंद्र नाही, हवेत गारवा. दारूचा धूर सोडला तर आकाशदर्शनाला याहून बरी तिथी कुठली? इंदूरच्या हौशी निरीक्षकाने दुर्बीण गाडीत टाकून गावाबाहेरच्या शेतात यावं असे हे दिवस.

तो येतो, दुर्बीण लावतो, आणि आग्नेयेला क्षितिजावर फिकट उजेडाचा एक घुमट त्याला दिसतो. तो इंदूरचा. सरळ रेषेत शहर सुमारे ४५ किलोमीटरवर आहे, एकही दिवा इथून दिसत नाही, तरी त्याचा उजेड आकाशात आहे. हा उजेड इथवर कसा येतो, याचा माग आपण दिव्यापासून डोळ्यापर्यंत काढू.

रस्त्यावरच्या दिव्याने प्रकाश खाली टाकावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिरपा बसवलेला फ्लडलाइट, गोल काचेचा बागेतला दिवा, खालून वर उजळलेला जाहिरातीचा फलक, हे सगळे आपल्या प्रकाशाचा काही भाग थेट वर किंवा आडवा सोडतात. खाली पडलेल्या प्रकाशातलाही थोडा डांबरावरून, सिमेंटवरून, भिंतींवरून परत उसळतो. सरळ वर गेलेला प्रकाश वातावरणाचा दाट थर लवकर ओलांडून निघून जातो. दूरच्या गावांना छळतो तो क्षितिजाच्या जेमतेम वर, जवळजवळ आडवा निघालेला प्रकाश. तो जमिनीलगतच्या धुळकट हवेतून मैलोन्‌मैल जातो आणि वाटेत सांडत राहतो.

सांडतो म्हणजे विखुरतो. हवेच्या रेणूंवर आपटून प्रकाश दिशा बदलतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितकं हे विखुरणं जास्त. दिवसा आकाश निळं दिसतं ते याच नियमाने. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ५९० नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशापेक्षा सुमारे तिपटीने विखुरतो. रेणूंच्या जोडीला धूळ, धूर आणि बाष्पाचे कण असतात. कवडशात तरंगणारी धूळ जशी उजळून दिसते, तसेच हे कण शहराच्या प्रकाशात उजळतात आणि त्यातला थोडा प्रकाश आपल्याकडे वळवतात. म्हणून एकाच शेतातलं आकाश ऋतूगणिक बदलतं. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात ते सर्वांत स्वच्छ असतं. एप्रिलमध्ये गहू निघून शेतात नरवई, म्हणजे पिकाचे उरलेले खुंट, जळू लागली की तोच घुमट उंच आणि गढूळ होतो.

या गोष्टीत गेल्या दशकात मोठा बदल झाला तो दिव्यांच्या रंगात. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा प्रकाश बहुतांश पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असे. २०१५ मध्ये देशभर पथदिवे एलईडी करण्याची योजना सुरू झाली आणि रस्ते पांढरे झाले. वीज वाचली, हे खरंच. पण थंड पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो, आणि रात्री आपल्याला दाखवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळ्या-हिरव्या प्रकाशालाच सर्वाधिक संवेदनशील असतात. शिवाय दिवा स्वस्त झाला की एकाच्या जागी तीन लागतात. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेली ५० हजारांहून अधिक निरीक्षणं तपासून २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निष्कर्ष छापून आला: २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. या वेगाने आठ वर्षांच्या आत ते दुप्पट होतं. यातली बहुतेक निरीक्षणं युरोप-अमेरिकेतली आहेत, तेव्हा हाच आकडा माळव्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. दिशा मात्र तीच आहे.

आता अंतराचा हिशेब. १९७० च्या दशकात मर्ल वॉकर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या शहरांवरून एक ढोबळ नियम मांडला. शहराचा आकाशातला उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड साडेपाच पटींहून जास्त उतरतो. नियम जुना आहे, दिवे बदलले आहेत, त्यामुळे त्यातून नेमकं उत्तर मागू नये. तुलनेसाठी तो आजही उपयोगी पडतो.

इंदूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २० लाखांच्या घरात होती. समजा, तुम्ही १५ हजार वस्तीच्या एखाद्या गावापासून ५ किलोमीटरवर उभे आहात आणि इंदूर ४५ किलोमीटरवर आहे. इंदूरची माणसं त्या गावाच्या सुमारे १३३ पट. पण ते नऊपट लांब, आणि नऊचा अडीचावा घात २४३. म्हणजे तुमच्या डोक्यावर गावाचा उजेड इंदूरच्या जवळजवळ पावणेदोन पट ठरतो! इंदूर सोडून लांब आलो म्हणजे काम झालं, या समजुतीला हा हिशेब धक्का देतो. मुक्काम गावाला खेटून असेल तर महानगरापेक्षा तिथली पंधरा हजार वस्ती भारी पडते.

उजेडाचा हा एक प्रकार झाला: आकाशातला. दुसरा प्रकार थेट डोळ्यात शिरणारा आहे, आणि त्याची तऱ्हा वेगळी. अंधारात गेल्यावर बाहुली क्षणात रुंदावते, पण खरं काम दृष्टिपटलातल्या दंडपेशींचं असतं. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. गोठ्यावरचा उघडा बल्ब, रस्त्यावरून येणारी हेडलाइट, मित्राने प्रेमाने तोंडावर मारलेला मोबाइलचा टॉर्च, यांतलं काहीही ते रंगद्रव्य काही सेकंदांत विस्कटतं आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. अशा दिव्याचा एकूण प्रकाश शहराच्या मानाने नगण्य असतो, पण तो सरळ नजरेत येतो. दंडपेशी तांबड्या प्रकाशाला फारशी दाद देत नाहीत, म्हणून आकाशदर्शनाला टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद बांधायची पद्धत आहे.

मोठी दुर्बीण घेतली म्हणजे यातून सुटका होते का? चंद्र, ग्रह, जोडतारे यांच्यापुरती होते. ते शहरातूनही छान दिसतात. दीर्घिका आणि तेजोमेघ मात्र पसरट आणि फिकट असतात. दुर्बीण त्यांच्याबरोबर मागच्या आकाशाचा उजेडही गोळा करते, त्यामुळे दोघांतला फरक तेवढाच राहतो. काही फिल्टर तेजोमेघांच्या ठरावीक रंगरेषा, उदाहरणार्थ ऑक्सिजनची ५०० नॅनोमीटरजवळची, तेवढ्याच आत सोडतात. पण दीर्घिकांचा प्रकाश म्हणजे असंख्य ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. सोडियमचा पिवळा पट्टा फिल्टरने वेगळा काढता येई. पांढरा एलईडी मात्र सगळ्या रंगांवर पसरलेला असतो. त्याला गाळायला गेलं तर दीर्घिकाही गाळली जाते.

आकाश किती काळं आहे हे मोजण्याची दोन साधनं हौशी मंडळींच्या परिचयाची आहेत. एक, जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली १ ते ९ ची श्रेणी. १ म्हणजे निखळ अंधार, ९ म्हणजे महानगराचा मध्य. दुसरं, हातात मावणारं एसक्यूएम यंत्र. ते आकाशाच्या प्रत्येक चौरस कोनीय सेकंदाची प्रत सांगतं. निसर्गतः काळं आकाश २२ च्या आसपास, मोठं शहर १७-१८. प्रतींत पाचाचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभरपट. चंद्र नसताना, सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने संधिप्रकाश पुरता गेला की यंत्र डोक्यावर धरून नोंद घ्यायची.

आता गौतमपुऱ्याचा नकाशा समोर ठेवा. इंदूर आग्नेयेला, पिथमपूरची कारखानदारी दक्षिणेकडून किंचित पूर्वेला, उज्जैन ईशान्येला सुमारे ३५ किलोमीटरवर. पश्चिम आणि वायव्य बाजू त्या मानाने मोकळी. यातून पहिली गोष्ट निघते ती जागेची: गावाच्या पश्चिमेला किंवा वायव्येला जावं. मग गौतमपुऱ्याचे दिवे, इंदूर आणि उज्जैन हे सगळे एकाच अंगाला येतात आणि उरलेलं अर्धं आकाश हाती लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. गाव २३ अंश अक्षांशाजवळ असल्याने ध्रुवतारा २३ अंशांवर, अगस्ती दक्षिणेला जेमतेम १४ अंशांवर, आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ २० अंशांपर्यंतच चढतो. हे दक्षिणेचे पाहुणे आग्नेयेला उगवतात, म्हणजे नेमके इंदूरच्या घुमटातून. त्यांना उगवताना गाठू नये. मध्यमंडल ओलांडून थोडे नैर्ऋत्येला कलले की पाहावं. देवयानी दीर्घिका मात्र उत्तरेकडे ७० अंशांहून उंच जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री तिला कुठल्याच शहराची फारशी आडकाठी नसते.

माळव्याला आकाशनिरीक्षण नवं नाही. उज्जैनला सवाई जयसिंहाची वेधशाळा अठराव्या शतकापासून उभी आहे, आणि उत्तरेला कर्कवृत्तावर, महिदपूर तहसिलातल्या डोंगल्याला वराहमिहिर वेधशाळा आहे. पण वेधशाळा बांधल्याने अंधार टिकत नाही. तो कसा टिकवता येतो याचं जवळचं उदाहरण नागपूर जिल्ह्यातलं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी दिवे विझवले गेले नाहीत. सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभरावर दिवे बदलून प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. रस्ता दिसायचा तो दिसतोच.

उलट उदाहरण मुंबईजवळचं. कर्जत मार्गावरच्या वांगणीला खगोल मंडळाची रात्रभराची आकाशदर्शनं अनेक वर्षं चालली. पुढे त्याच पट्ट्यात इमारती वाढत गेल्या. लांब जाऊन मिळवलेला अंधार वस्ती वाढली की संपतो, आणि मग आणखी लांब जावं लागतं.

म्हणून हौशी मंडळींनी आधी जवळच्या पाच किलोमीटरकडे पाहावं. रब्बीत रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याचा टॉर्च, साप-विंचवाच्या भीतीने लावलेला अंगणातला दिवा, या गरजा आहेत. त्यांच्याबद्दल कुरकुर करणाऱ्या पाहुण्याला गावात कुणी उभं करणार नाही. मागायचं ते इतकंच: हॅलोजन किंवा फ्लडलाइट खाली वळवा, वरून पत्र्याची टोपी बसवा, पांढऱ्याऐवजी ३००० केल्विन किंवा त्याखालचा पिवळसर एलईडी घ्या. प्रकाश सगळा अंगणात पडला की कमी वॅटचा दिवाही पुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत. नगर परिषदेकडे जाताना हेच मुद्दे न्यावेत, सोबत एसक्यूएमची वही. ऑक्टोबरच्या अमावस्येला एक नोंद, दिवे वळवल्यावर पुढच्या ऑक्टोबरात त्याच जागी दुसरी. आकडा ०.३ ने जरी वर गेला तरी आकाश जवळपास चतुर्थांशाने काळं झालं, आणि तेही इंदूरचा एकही दिवा न हलवता.