जुगाराचे दार स्वतःहून बंद करताना

व्यापारात खोट आली तर तिची नोंद खातेवहीत होते. माल कोणता, दर काय, येणे कोणाकडे थकले, हे सारे वहीपूजनापूर्वी समोर येते आणि घरातील चार जाणती माणसे बसून त्यावर विचार करतात. जुगारातील खोटीला असे पान नसते. ती गल्ल्यातून, पत्नीच्या दागिन्यांतून, भावाच्या नावे उचललेल्या रकमेतून गुपचूप भरली जाते. ती उघडकीस येते तेव्हा पैशाबरोबर पेढीची पतही गेलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराचा विकार मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी मांडलेला आहे. हरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पुन्हा डाव लावणे, डाव वाढवत नेणे, घरच्यांपासून लपवणे ही त्याची ओळखीची लक्षणे होत. असा मनुष्य सकाळी मनापासून शपथ घेतो आणि रात्री ती मोडतो. सकाळची इच्छा खोटी नसते, पण ती रात्रीपर्यंत टिकत नाही. म्हणून सकाळच्या शहाणपणाने रात्रीचे दार आधीच लावून घ्यावे, या विचारातून अनेक देशांत एक व्यवस्था उभी राहिली. तिचे नाव स्वेच्छा-प्रवेशबंदी.

अमेरिकेतील मिसुरी राज्याने 1996 मध्ये अशी यादी सुरू केली. व्यक्तीने स्वतः अर्ज करून आपले नाव यादीत घालावयाचे. त्यानंतर राज्यातील कोणत्याही कॅसिनोत तिने पाऊल ठेवल्यास तो अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा ठरे. प्रारंभी ही बंदी आजन्म होती. पुढे पाच वर्षांनंतर नाव काढण्यासाठी अर्ज करण्याची मुभा देण्यात आली.

जुगार मोबाइलवर आला तेव्हा यादीही तेथे पोहोचणे भाग होते. ब्रिटनमध्ये 2018 साली 'गॅमस्टॉप' ही विनामूल्य नोंदणी सुरू झाली आणि मार्च 2020 च्या अखेरीपासून परवानाधारक सर्व ऑनलाइन कंपन्यांना ती बंधनकारक झाली. एकदा नाव नोंदवले की या सर्व कंपन्यांची दारे एकाच वेळी बंद होतात. मुदत सहा महिने, एक वर्ष वा पाच वर्षे अशी निवडता येते. मुदत संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही आणि संपल्यावरही बंदी आपोआप उठत नाही. व्यक्तीने तसे कळवून आणखी एक दिवस थांबावे लागते. मोहाचा आवेग ओसरण्यास वेळ मिळावा, हा या विलंबाचा हेतू.

सिंगापूरने या व्यवस्थेत कुटुंबालाही स्थान दिले. तेथे 2010 मध्ये दोन कॅसिनो उघडले. मात्र समस्याग्रस्त जुगाराविषयीची राष्ट्रीय परिषद त्याआधीच, 2005 मध्ये, स्थापन झाली होती. व्यक्ती स्वतः बंदी मागू शकतेच. शिवाय पती वा पत्नी, आईवडील, मुले, भावंडे हेही अर्ज करू शकतात. समिती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते. नागरिक व कायम रहिवाशांना कॅसिनोत जाण्यासाठी आरंभी 100 डॉलर शुल्क होते. 2019 पासून ते 150 सिंगापूर डॉलर झाले. उंबरठ्यावर क्षणभर थांबवणे, हे त्याचेही काम.

श्रावकाचाराची ओळख असलेल्या वाचकाला हा विचार परका वाटू नये. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ठरावीक मुदतीसाठी घेतलेला तो नियम आणि यावज्जीव घेतलेला तो यम, असा भेद केलेला आहे. ज्याला आयुष्यभराचा संकल्प झेपत नाही त्याने सहा महिन्यांचा नियम प्रामाणिकपणे घ्यावा, हे तेथेही मान्य आहे.

तरीही अशा यादीला मर्यादा आहेत. 'गॅमस्टॉप' ब्रिटनचा परवाना नसलेल्या परदेशी संकेतस्थळांना रोखू शकत नाही. रस्त्यावरच्या सट्टेबाजीच्या दुकानांसाठी निराळी नोंदणी करावी लागते. दार बंद झाले तरी ओढ शिल्लक राहते. म्हणून तेथील जाणकार यादीबरोबर समुपदेशन आणि पैशांवरील बंधन यांची जोड देतात. अनेक ब्रिटिश बँका ग्राहकाच्या विनंतीवरून जुगाराची देणी अडवून ठेवतात.

भारतात सर्वांना बांधील अशी राष्ट्रीय यादी नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर व त्यांसाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. गोव्यात फेब्रुवारी 2020 पासून स्थानिकांना कॅसिनोत प्रवेश नाही, पण कोल्हापूर, सांगली, बेळगावहून जाणाऱ्या पर्यटकाला दार मोकळेच आहे. शेअरबाजार म्हणजे जुगार नव्हे. परंतु जुगाऱ्याच्या वृत्तीने फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरणारे तरुण आपल्या घराघरांत आहेत. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तीन आर्थिक वर्षांत या विभागातील 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

तेव्हा येथे यादीचे काम घरालाच करावे लागते. व्यसनी व्यक्तीने शुद्धीच्या घटकेला, घरातील एका विश्वासू माणसासमोर, मुदत ठरवून लेखी संकल्प करावा. ब्रोकरला सांगून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घ्यावा. यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करावी. पेढीचे खाते दोघांच्या सह्यांनी चालणारे करावे आणि मोठ्या रकमांचे अधिकार काही काळ भावाकडे वा पत्नीकडे सोपवावेत.

घरच्यांची कसोटी मात्र याहून अवघड. अब्रूच्या भीतीने वडीलधारे सारे देणे एकदम, गुपचूप फेडून टाकतात. देणेकऱ्यांचा तगादा थांबतो आणि नव्या डावासाठी मन मोकळे होते. सर्व देण्यांची यादी त्या व्यक्तीकडूनच लिहून घ्यावी, हप्ते बांधावेत आणि ते तिच्या कमाईतून, घरच्यांच्या देखरेखीखाली फेडावेत. संकल्प मोडला तर तो कळवण्याइतका विश्वास घरात असावा. टोमण्यांच्या भीतीने लपवलेली एक चूक पुढच्या दहा चुकांना वाट करून देते.

मन खचले असेल, किंवा कर्जाच्या दडपणाने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आली, तर क्षणाचाही विलंब लावू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. पेढी पुन्हा उभी करता येते. माणूस त्याआधी सांभाळला पाहिजे.