पेढी, गोदाम आणि घर : वाय-फायवर किती खर्च करावा?

शिरूरची बाजारपेठ घोडनदीच्या काठी वाढली, तर दौंडला महत्त्व आले ते रेल्वे जंक्शनमुळे. दोन्ही गावांतील अनेक व्यापारी कुटुंबांची मांडणी मात्र सारखीच असते : पुढे पेढी, मागे गोदाम आणि वर घर. पूर्वी या तिन्हींना जोडायला एक हाक पुरत असे. आता यूपीआय, 2017 पासूनचा जीएसटी, 2018 पासूनचे ई-वे बिल, गोदामातील कॅमेरा आणि मुलांचा अभ्यास हे सारे एकाच इंटरनेट जोडणीवर चालते. ऐन गर्दीत ती तुटली, तर गल्ल्यापाशी गिऱ्हाईक ताटकळते आणि माल भरलेला टेम्पो बिलाअभावी दारातच खोळंबतो.

वाय-फायच्या लहरींना जाड दगडी भिंती, लोखंडी शटर, स्टीलचे रॅक आणि पाण्याच्या टाक्या अडवतात. 2.4 गीगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात, पण त्यांचा वेग कमी असतो. 5 गीगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. मेश पद्धतीत दोन-तीन उपकरणे एकाच नावाचे जाळे विणतात. मोबाइल घेऊन पेढीतून गोदामात गेले, तरी जोडणी पुन्हा जुळवावी लागत नाही.

खरेदीपूर्वी मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, राउटरजवळ उभे राहून वेग मोजावा. तेथेच तो कमी असेल, तर दोष बहुधा जोडणीत किंवा योजनेत असतो. मेश बसवून वेग वाढत नाही. दुसरी, राउटर तिजोरीमागे अथवा शटरच्या कोपऱ्यात असेल, तर तो मध्यावर व उंचावर हलवून पाहावा. तिसरी, केवळ गोदामाचाच प्रश्न असेल, तर तेथवर तार ओढून घरातील जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो. कित्येकांचे काम एवढ्यावरच भागते.

तरीही मेश घ्यावेच लागले, तर लहान पेढीला बहुधा दोन उपकरणांचा संच पुरतो. दुसरे उपकरण रेंज नसलेल्या कोपऱ्यात ठेवू नये. जेथे रेंज अजून चांगली आहे, अशा मधल्या जागी ठेवावे. स्वस्त संचांत प्रत्येक बिनतारी टप्प्यावर वेग निम्म्यापर्यंत घटू शकतो. म्हणून शक्य तेथे उपकरणे कॅट-6 तारेने जोडावीत. ही तार 100 मीटरपर्यंत भरवशाने चालते. जोडणी 100 एमबीपीएसची असेल, तर वाय-फाय 5 चा संचही पुरेसा ठरतो. वाय-फाय 6 साठीचा जादा खर्च उपकरणे पुष्कळ असतील तेव्हाच सार्थकी लागतो.

हिशेबाचा संगणक आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल कधीही एका जाळ्यात ठेवू नयेत. पाहुण्यांसाठी वेगळे नाव व वेगळा पासवर्ड ठेवण्याची सोय बहुतेक संचांत असते. वीज जाण्याचा विचार करून राउटर, फायबरचे उपकरण आणि मेशचा प्रत्येक भाग छोट्या यूपीएसवर ठेवावा. एकही बंद पडला, तर पुढची साखळी तुटते.

परिग्रह-परिमाण व्रत श्रावकाला गरजेची मर्यादा आधी ठरवायला शिकवते. व्यापारातील खरेदीलाही तोच विवेक लागू पडतो. आधी जागा मोजावी, मग तार ओढावी आणि त्यानंतरही उणीव उरली, तरच नवे उपकरण घ्यावे.